शब्दाचा सूर सांभाळणारा माणूस: इकोली हारकोर्ट व्हाइट आणि इग्बो भक्तिसंगीत

आग्नेय नायजेरियातल्या इग्बो लोकांच्या चर्चमध्ये ज्यांची गाणी आजही म्हटली जातात, ते इकोली हारकोर्ट व्हाइट जन्माने इग्बो नव्हते. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात, खाडीकाठच्या अबोनेमा या गावी १९०५ साली त्यांचा जन्म झाला. घरची भाषा कालाबारी. इग्बो भाषा त्यांच्या आयुष्यात आली ती आजारपणाच्या वाटेने. किशोरवयात कुष्ठरोग जडला, गाव सुटलं, आधी इस्पितळात आणि मग कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत दिवस काढावे लागले. तिथे आजूबाजूला इग्बो बोलणारी माणसं होती. त्या माणसांच्या भाषेत त्यांनी पुढे शेकडो भक्तिगीतं रचली, आणि इग्बो समूहगायनाचे जनक म्हणून लोक त्यांना ओळखू लागले.

त्यांच्याबद्दल बोलताना रोगावर मात केल्याची हकिगत पहिल्यांदा सांगितली जाते, आणि ती सांगण्याजोगी आहेच. पण मला त्यांचं मोठेपण दुसऱ्या एका गोष्टीत दिसतं. त्यांच्या आधीची पन्नास-साठ वर्षं इग्बो चर्चला एक अडचण भेडसावत होती. गाणं म्हटलं की शब्दांचे अर्थच हरवायचे. ही अडचण काय होती आणि ती एवढी अवघड का होती, हे कळल्याशिवाय हारकोर्ट व्हाइट यांनी केलेलं काम कळत नाही. म्हणून आधी भाषेकडे वळू.

सूर बदलला की शब्द बदलतो

मराठीत सुराने वाक्याचा भाव बदलतो, शब्दाचा अर्थ बदलत नाही. ‘पाणी’ हा शब्द भूपाळीत मंद्रात आला काय आणि लावणीत तार सप्तकात गेला काय, पाणी ते पाणीच. म्हणून तर एकच अभंग एक गायक भैरवीत बांधतो आणि दुसरा भूपात, आणि ऐकणाऱ्याला दोन्हीकडे शब्द नीट कळतात.

इग्बोत असं चालत नाही. तिथे शब्दातलं प्रत्येक अक्षर वरच्या किंवा खालच्या सुरात बोलावं लागतं, आणि तो सूर शब्दाचा भाग असतो. भाषेच्या वर्गात हमखास दिलं जाणारं उदाहरण ‘अक्वा’ या शब्दाचं. दोन्ही अक्षरं वरच्या सुरात म्हटली तर अर्थ होतो रडणं. पहिलं वर आणि दुसरं खाली असेल तर कापड. पहिलं खाली आणि दुसरं वर असेल तर अंडं. दोन्ही खाली असतील तर पलंग, किंवा पूल. रोजच्या लिखाणात सुरांच्या खुणा सहसा देत नाहीत, त्यामुळे कागदावर चारही शब्द सारखेच दिसतात. वाचणारा संदर्भावरून ओळखतो, ऐकणारा सुरावरून.

आणखी एक बारकावा आहे. वरच्या सुरानंतर कधीकधी किंचित उतरलेला वरचा सूर येतो. तो एकदा आला की त्यापुढचे वरचे सूर त्या उतरलेल्या पातळीवरूनच चालतात. त्यामुळे लांब वाक्य बोलताना माणसाचा आवाज टप्प्याटप्प्याने खाली येत जातो. इथे ठरलेला ‘सा’ वगैरे काही नसतो. बाईचा आवाज उंच असेल, म्हाताऱ्याचा खर्जातला असेल. कान फक्त एवढंच पाहतो की आधीच्या अक्षरापेक्षा हे अक्षर चढलं, उतरलं की तिथेच राहिलं.

भाषा अशी असल्यामुळे इग्बो वाद्यांना ‘बोलता’ येतं. ओजा नावाची एक छोटी लाकडी बासरी असते. मुखवटा घालून नाचणाऱ्याला वादक तिच्यावरून नावाने हाक मारतो, त्याची स्तुती करतो, आणि भोवतालच्या जाणत्यांना ती समजते, कारण शब्दांचे चढउतार बासरीत जसेच्या तसे उतरलेले असतात. एक्वे हे पोकळ लाकडाचं वाद्य दोन वेगळे नाद देतं, आणि तेवढ्यावर गावाला निरोप पोहोचवता येतो. म्हणजे इग्बो संगीतात शब्द आणि चाल ही मुळात दोन वेगळी खाती नाहीत. शब्द बोलतानाच अर्धी चाल तयार झालेली असते.

परक्या चालीत अडकलेली प्रार्थना

१८५७ साली नायजर नदीच्या काठी ओनित्शा इथे अँग्लिकन मिशन सुरू झालं. योरुबा धर्मगुरू सॅम्युएल अजायी क्राउदर यांच्या पुढाकाराने ते उभं राहिलं आणि तिथे जॉन ख्रिस्तोफर टेलर यांनी काम पाहिलं. टेलर सिएरा लिओनचे, गुलामगिरीतून सुटलेल्या इग्बो आईबापांचे पुत्र. कॅथलिक मिशनरी १८८५ मध्ये आले. पुढे आतल्या भागात मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन पसरले. १९१३ मध्ये वेगवेगळ्या बोलींची सांगड घालून केलेलं संपूर्ण इग्बो बायबल छापून आलं.

बायबलचं भाषांतर हे एक काम, गाण्याचं भाषांतर हे पूर्ण वेगळं. मिशनऱ्यांकडे इंग्लंडातून आलेली स्तोत्रं होती. त्यांची चाल ठरलेली, ओळीतल्या अक्षरांची संख्या ठरलेली. भाषांतर करणाऱ्याने आठ अक्षरांच्या ओळीला आठ इग्बो अक्षरं बसवली की काम झालं असं समजलं जायचं. अक्षरं बसत, सूर बसत नसत. चाल जिथे वर चढते तिथे नेमका खालच्या सुराचा शब्द यायचा, आणि तो गाताना वर ओढला जाऊन त्याचा दुसराच शब्द व्हायचा, किंवा कुठलाच शब्द उरायचा नाही. मंडळी भक्तिभावाने गात होती, पण पुस्तक हातात नसलेल्याला त्यातलं फारसं कळत नव्हतं. लिहितावाचता येणारे तेव्हा किती थोडे होते हे लक्षात घेतलं, तर हा तोटा केवढा होता ते समजतं.

कुणी म्हणेल, मग पहिल्या कडव्याचे शब्द चालीला जुळतील असे निवडावेत. तेही पुरत नाही, कारण इंग्रजी स्तोत्राची रचनाच अशी की एकच चाल पाच-सहा कडव्यांना चालवायची. पहिल्या कडव्यात शब्द जुळवून आणले तरी दुसऱ्या कडव्यात शब्द वेगळे, त्यांचे सूर वेगळे, चाल मात्र तीच. एका कडव्यात साधलेलं दुसऱ्यात मोडणार. म्हणजे अडचण भाषांतरकाराच्या कौशल्यात नव्हती, साच्यातच होती. साचा बदलल्याशिवाय सुटका नव्हती.

आणि साचा बदलायला त्या काळचं वातावरण अनुकूल नव्हतं. ओगेने ही धातूची घंटा, उडू हा मातीच्या मडक्याचा ढोल, एक्वे, ही सगळी वाद्यं जुन्या देवदेवतांशी जोडलेली म्हणून मिशनच्या उपासनेत वर्ज्य धरली जात. चांगलं ख्रिस्ती संगीत म्हणजे चार आवाजांतलं इंग्रजी स्तोत्र, ही समजूत शाळेतून आणि चर्चमधून पक्की होत गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत नायजेरियात काही चर्चसंगीतकार देशी वळणाची गीतं रचू लागले होते. तरीही इग्बोत हे काम ज्याने ठामपणे आणि इतक्या मोठ्या प्रमाणावर केलं, तो माणूस चर्चच्या मानाच्या खुर्चीवर बसलेला नव्हता. तो कुष्ठरुग्णांच्या वॉर्डात होता.

पोर्ट हारकोर्ट ते उझुआकोली

त्या काळी त्या भागात कुष्ठरोग म्हणजे जिवंतपणीच समाजातून काढून टाकणं. रुग्णाला गावाबाहेर रानात झोपडी बांधून द्यायची, त्याची भांडी वेगळी, आणि मेल्यावर रीतसर अंत्यविधीही नाही. हारकोर्ट व्हाइट पोर्ट हारकोर्टच्या सरकारी इस्पितळात आले तेव्हा हे शहर अगदी नवं होतं. १९१०च्या दशकात इंग्रजांनी एनुगुचा कोळसा बोटीवर चढवण्यासाठी ते वसवलं आणि १९१६ मध्ये तिथून एनुगुपर्यंत रेल्वे सुरू केली. बंदर, रेल्वे, नोकऱ्या यांमुळे तिथे ठिकठिकाणचे लोक येत होते, आणि इस्पितळातल्या कुष्ठरुग्णांमध्येही अनेक भाषांची माणसं होती.

१९२८ ते १९३२ या काळात या रुग्णांना तिथून हटवून पांगवण्याच्या हालचाली झाल्या. त्यांना जायला जागा नव्हती. आपापल्या गावी परतणं म्हणजे पुन्हा रानातली झोपडी. ते एकत्र राहून झगडले, आणि त्यांच्या पुढाऱ्यांत हारकोर्ट व्हाइट होते. नायजेरियन नाटककार ओला रोटिमी यांनी १९८०च्या दशकात या लढ्यावर नाटक लिहिलं. त्यात पात्रं आपापल्या भाषेत बोलतात, रंगमंचावर अनेक नायजेरियन भाषा एकदम ऐकू येतात, आणि एकमेकांचं दुभाषीपण करत रुग्ण आपली बाजू मांडतात. त्या नाटकाचा नायक हारकोर्ट व्हाइट आहेत. नायजेरियातल्या पुष्कळ विद्यार्थ्यांना त्यांचं नाव माहीत झालं ते या नाटकामुळे.

या लढ्याच्या शेवटी रुग्णांना मिळालेली जागा म्हणजे उझुआकोली. आजच्या अबिया राज्यातलं, रेल्वेमार्गावरचं हे गाव. तिथे १९३२ मध्ये मेथडिस्ट मिशनने कुष्ठरुग्णांची वसाहत उभी केली. शेती, शाळा, चर्च, दवाखाना असं सगळं तिथे होतं. १९३६च्या सुमारास डॉ. फ्रँक डेव्ही वसाहतीचे प्रमुख झाले. त्यांना स्वतःला संगीताची जाण होती, आणि हारकोर्ट व्हाइट यांच्या गायकवृंदाला त्यांनी मनापासून बळ दिलं.

इथे औषधाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यावाचून पुढचं आयुष्य घडलंच नसतं. शिवाय तिचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. तोवर कुष्ठरोगावर जगभर चौलमुग्राच्या जातीच्या झाडांचं तेल वापरत. त्यातलं एक झाड म्हणजे सह्याद्रीच्या जंगलात आढळणारं कडू कवठ. त्याच्या बियांच्या तेलाची इंजेक्शनं वर्षानुवर्षं घ्यायची. ती फार दुखत आणि गुण येईलच याचा भरवसा नसे. १९४०च्या दशकात सल्फोन औषधं आली. त्यातलं डॅप्सोन तोंडाने, कमी मात्रेत, सुरक्षितपणे देता येतं आणि ते स्वस्त पडतं, हे दाखवणारं महत्त्वाचं काम डॉ. जॉन लो यांनी दशकाच्या अखेरीस उझुआकोलीत केलं. हे लो त्याआधी भारतात होते. निजामाबादजवळच्या डिचपल्लीच्या कुष्ठरोग इस्पितळात आणि मग कोलकात्यात. पुढे डेव्हीसुद्धा उतारवयात डिचपल्लीला येऊन राहिले आणि रुग्णाच्या नाकातल्या स्रावातून हा रोग कसा पसरतो यावर त्यांनी संशोधन केलं. डिचपल्ली आपल्या नांदेड जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नाही. कुष्ठरोगावर आज तीन औषधं मिळून जो उपचार देतात त्यातलं दुसरं एक औषध, क्लोफाझिमिन, त्याच्याही सुरुवातीच्या चाचण्या १९६०च्या दशकात उझुआकोलीतच झाल्या. आज जगभर लाखो माणसं या गोळ्यांनी बरी झाली आहेत, आणि त्यामागे उझुआकोलीच्या रुग्णांनी स्वतःवर करू दिलेले उपचार आहेत.

सल्फोनच्या या काळात हारकोर्ट व्हाइट रोगमुक्त झाले. पण उझुआकोलीशी त्यांची बांधिलकी सुटली नाही. त्यांचा गायकवृंद तिथलाच होता.

शब्दातून चाल कशी निघते

आता त्यांच्या कामाकडे येऊ. हारकोर्ट व्हाइट आपली गाणी टॉनिक सोल-फा पद्धतीने लिहीत. ही इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात रुळलेली स्वरलिपी. पाच रेषांचा कागद आणि त्यावरची टिंबं यांऐवजी डो, रे, मी या स्वरांची आद्याक्षरं ओळीने मांडायची आणि मात्रांसाठी विरामचिन्हं वापरायची. आपल्याकडची सारेगम लिपी वाचता येणाऱ्याला ती लगेच उमगेल. साध्या टंकलेखन यंत्रावरही ती उतरवता येते, छपाईला स्वस्त, आणि वाद्य नसलं तरी चालतं. त्यामुळे मिशनरी जिथे जिथे गेले तिथे ती गेली, आणि शेकडो आफ्रिकन संगीतकारांनी तिच्यातच आयुष्यभर रचना केल्या.

साधन परदेशी होतं, पण रीत त्यांनी उलटी केली. आधी चाल आणि मग तिच्यात कोंबलेले शब्द, असं त्यांच्याकडे नव्हतं. आधी इग्बो ओळ. ती बोलताना आवाज कुठे चढतो, कुठे उतरतो, कुठे थांबतो ते ऐकायचं, आणि त्या चढउताराला धरून चाल बांधायची. ‘अंडं’ या अर्थाचा ‘अक्वा’ असेल तर दुसऱ्या अक्षराशी चाल वर जायला हवी. किती वर, हे संगीतकाराने ठरवावं. ‘रे’पासून ‘ग’पर्यंत जावं की ‘प’पर्यंत, ही त्याची कला. पण खाली मात्र जायचं नाही. खाली गेली की ऐकणाऱ्याला कापड ऐकू येणार. म्हणजे भाषा दिशा ठरवते आणि अंतर संगीतकारावर सोडते. हे बंधन ऐकायला जाचक वाटतं, पण त्यातच भरपूर मोकळीक आहे.

कडव्यांचा प्रश्न याच रीतीने सुटला. प्रत्येक ओळीला तिची स्वतःची चाल दिली की दुसऱ्या कडव्यात मोडतोड होण्याचं कारणच राहत नाही. पालुपद तेवढं परत यायचं, आणि तिथे शब्द तेच असल्याने चालही तीच. इग्बो लोकगीतांत एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ठरलेलं उत्तर द्यायचं ही पद्धत होतीच. तिच्यात हे अगदी सहज बसतं.

खरी कसोटी पुढे लागते, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग तो आहे. चर्चमधलं समूहगान चार आवाजांत असतं. सर्वांत वर बायकांचा उंच आवाज, मग त्यांचा खालचा, मग पुरुषांचा वरचा आणि तळाशी खर्ज. युरोपीय संगीतात या चार आवाजांनी वेगवेगळ्या दिशांनी जाणं हे सौंदर्य मानलं जातं. वरचा आवाज चढत असताना खर्ज उतरतो, आणि त्या ताणातून भारदस्तपणा येतो. संगीत शिकवताना तिथे विद्यार्थ्याला सांगतात की सगळे आवाज एकाच दिशेने नेऊ नका. आता चौघांच्या तोंडी तोच इग्बो शब्द ठेवून बघा. वरचा आवाज चढत ‘अंडं’ म्हणतो आहे आणि खर्ज उतरत, त्याच अक्षरांवर, ‘कापड’ म्हणतो आहे. एका क्षणी एकाच शब्दाचे दोन अर्थ हवेत. चाल शब्दाला जुळवून घेतली, तरी साथीच्या आवाजांनी पुन्हा शब्द मोडला.

याला तोड म्हणजे चारही आवाजांना शक्य तेवढं एकाच दिशेने, समांतर नेणं. युरोपीय पाठ्यपुस्तक ज्याला कच्चेपणा म्हणतं, तेच इथे आवश्यक ठरतं. आणि गंमत अशी की इग्बो गावांतल्या बायका-पुरुषांच्या जुन्या गाण्यात आवाज असे समांतर चालतातच. तिथे दुसरा आवाज पहिल्याच्या थोडा खाली राहून त्याचीच वाट धरतो. इग्बो संगीतशास्त्रज्ञ लाझरस एक्वुएमे यांनी १९७०च्या दशकात भाषेचे सूर इग्बो संगीताला कसं घडवतात यावर फार मोलाचं लिखाण केलं, आणि स्वतः समूहगीतंही रचली. हारकोर्ट व्हाइट यांनी अशा शास्त्रीय मांडणीच्या कितीतरी आधी, कुठल्याही संगीत महाविद्यालयाचं तोंड न पाहता, कानाच्या आधारे ही वाट चालून दाखवली होती.

प्रत्येक अक्षराला चाल शंभर टक्के धरून असते असं मात्र समजू नका. तसं कुठल्याच सूरभाषेत होत नाही. ओळीचा शेवट गोड करायचा असतो, श्वास घ्यायचा असतो, कधी एखादा शब्द मुद्दाम ताणायचा असतो. शिवाय संदर्भ मदतीला येतो. देवाच्या स्तुतीत अचानक अंडं कुणी ऐकत नाही. संगीतकार अशा ठिकाणी थोडी सवलत घेतो. सवलत कुठे घ्यायची आणि कुठे अजिबात नाही, याची ज्याला समज आहे त्याचं गाणं लोकांच्या तोंडी बसतं.

हारकोर्ट व्हाइट यांच्या गाण्यांचे विषय साधे आहेत: दुःखात धीर, देवाची करुणा, मरण, आणि मरणापलीकडची आशा. ‘अतुला एग्वू’, म्हणजे ‘भिऊ नका’, हे त्यांचं गाजलेलं गीत. ज्याला गावाने अंत्यविधीही नाकारला असता, त्याने दुसऱ्यांना ‘भिऊ नका’ म्हणावं, आणि ते त्यांच्या रोजच्या बोलण्याच्या चढउतारात म्हणावं, याचा परिणाम ऐकणाऱ्यांवर काय झाला असेल हे सांगायला नको.

युद्ध आणि त्यानंतर

मे १९६७ मध्ये इग्बोबहुल पूर्व भागाने बियाफ्रा नावाने वेगळं राष्ट्र जाहीर केलं आणि युद्ध पेटलं. जानेवारी १९७०मध्ये ते संपलं तोवर लाखो माणसं गेली होती, बरीचशी उपासमारीने. बियाफ्राचं प्रशासन काही काळ ज्या उमुआहियातून चालत होतं, ते उझुआकोलीपासून जवळच. लढाई या परिसरातून गेली. धीराची आणि मरणापलीकडच्या आशेची ही गाणी त्या काळात लोकांना किती जवळची झाली असतील, हे वेगळं सांगावं लागत नाही.

१९७७ साली मोटार अपघातात हारकोर्ट व्हाइट यांचं निधन झालं.

युद्धानंतर इग्बो प्रदेशात धार्मिक पुनरुज्जीवनाची मोठी लाट आली. स्क्रिप्चर युनियन या संघटनेभोवती जमलेल्या तरुणांपासून तिची सुरुवात झाली आणि १९७०च्या दशकात तिच्यातून अनेक पेंटेकोस्टल चर्च निघाली. त्यांना चार आवाजांच्या शिस्तीपेक्षा टाळ्या, गिटार आणि सगळ्यांना चटकन म्हणता येतील अशा छोट्या ओळी हव्या होत्या. वर्ज्य ठरलेल्या ओगेनेला हळूहळू चर्चमध्ये जागा मिळाली. कॅसेटचं युग आल्यावर ‘व्हॉइस ऑफ द क्रॉस’सारख्या जोड्यांची इग्बो गाणी घराघरांत, बसगाड्यांत वाजू लागली. आज ज्याला इग्बो गॉस्पेल म्हणतात ते मुख्यतः हे. हारकोर्ट व्हाइट यांच्या समूहगीतांपेक्षा त्याचा बाज फार वेगळा आहे, पण ही माणसं इग्बोतच विचार करून चाल बांधतात, परक्या चालीत शब्द कोंबत नाहीत.

आताच्या पिढीतलं सर्वांत मोठं नाव म्हणजे ‘सिनाच’ या गायिकेचं. ओसिनाची हे त्यांचं खरं नाव, मूळच्या एबोन्यी राज्यातल्या, पोर्ट हारकोर्ट विद्यापीठातून भौतिकशास्त्र शिकलेल्या. डिसेंबर २०१५ मध्ये आलेलं त्यांचं ‘वे मेकर’ जगभरच्या चर्चमध्ये, कितीतरी भाषांत गायलं जातं, आणि ख्रिस्ती संगीताच्या २०२०च्या अमेरिकन डव्ह पुरस्कारांत ते वर्षातलं सर्वोत्तम गीत ठरलं. हे गाणं इंग्रजीत आहे. त्याची चाल दुसऱ्या भाषेत नेली तर बहुतेक ठिकाणी काही बिघडत नाही. हारकोर्ट व्हाइट यांचं गाणं मात्र असं नेता येत नाही. शब्द काढून तिथे दुसऱ्या भाषेतले घातले की चालीला आधारच उरत नाही. त्यामुळे त्यांचं नाव इग्बो जगाबाहेर फार गेलं नाही. मला याची हळहळ वाटते, कारण ज्या काटेकोरपणामुळे ते बाहेर पोहोचले नाहीत त्याच काटेकोरपणामुळे त्यांच्या माणसांना आपली प्रार्थना पहिल्यांदा नीट ऐकू आली.

इंटरनेटवर त्यांच्या रचना गायकवृंदांनी म्हटलेल्या सापडतात. शोधताना एवढं ध्यानात ठेवा की आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘आय’च्या जागी ‘वाय’ आहे. पहिल्यांदा ऐकताना इंग्रजी स्तोत्रासारखंच काहीतरी वाटेल, कारण आवाजांची मांडणी ओळखीची असते. दुसऱ्या वेळी वरच्या आवाजाकडे लक्ष देऊ नका, तो आपोआप ऐकू येतो. पुरुषांचा खर्ज धरा आणि बायकांचा आवाज चढतो तिथे तो काय करतो ते पाहा. बऱ्याच जागी तोही चढतो. मग एखादं इंग्रजी स्तोत्र लावून खर्जाच्या वाटेचा असाच माग काढा.